गोड शेवटाची उधारी

प्रणयकादंबरी हाती घेणाऱ्या वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो, आणि तरीही तो रात्री दोन वाजेपर्यंत ती वाचत बसतो. असे का होते, याचे समाधानकारक उत्तर या प्रकाराला नावे ठेवणाऱ्यांनी कधी दिलेले नाही. नायक-नायिका एकत्र येणार हे मुखपृष्ठावरूनच कळत असेल तर वाचायचे कशासाठी, एवढेच ते विचारतात. गेल्या वर्षभरात मी अशा पंचवीसेक कादंबऱ्या वाचायला घेतल्या. काही निखळ प्रणयाच्या होत्या. काही प्रणय आणि अद्भुत यांच्या मिश्रणातून आलेल्या, ज्यांना हल्ली 'रोमँटसी' म्हणतात. आणि काही 'कोझी फँटसी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे जिथे जादू आहे, राक्षस आहेत, पण जगाचा विनाश टाळण्याची मोहीम नाही, कोणीतरी दुकान थाटते, कोणीतरी बाग फुलवते आणि चार परकी माणसे हळूहळू एका घरची होतात. यांतल्या काहींनी मनापासून आनंद दिला आणि बऱ्याच मी अर्ध्यावर सोडल्या. दोन्ही ढिगांकडे पाहताना माझे मत असे बनले की गोड शेवट ही लेखकाने वाचकाकडून आगाऊ घेतलेली उचल असते, आणि अलीकडचे अनेक लेखक ती फेडण्याचे मनावरच घेत नाहीत.

या प्रकाराची व्याख्या फारशी गुंतागुंतीची नाही. १९८० साली स्थापन झालेल्या 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या संघटनेने दोनच अटी सांगितल्या होत्या: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकथा असावी, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असावा. त्या शेवटातही 'कायमचे सुखी' आणि 'तूर्तास सुखी' असे पोटभेद वाचक करतात, ते सोडून देऊ. सुनीत या काव्यप्रकाराला चौदा ओळींचे बंधन असते आणि रहस्यकथेत खुनी सापडावाच लागतो. त्या बंधनांमुळे कोणी हे प्रकार कमअस्सल ठरवत नाही. प्रणयकादंबरीच्या वाट्याला मात्र ही हेटाळणी कायमची आलेली आहे, आणि तिचे एक कारण असे की या कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या प्रामुख्याने स्त्रिया राहिल्या आहेत. अमेरिकी अभ्यासक जॅनिस रॅडवे यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकासाठी एका गावातल्या प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी दीर्घ संवाद साधला, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या स्त्रियांच्या लेखी पुस्तकातल्या मजकुराइतकीच वाचत बसण्याची कृती महत्त्वाची होती. दिवसभर इतरांचे करणाऱ्या बाईने पुस्तक उघडले की तेवढा वेळ ती कोणाचीही नसे. विरंगुळ्याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

पण हेटाळणीला उत्तर देता देता चाहत्यांच्या बाजूने दुसरी एक वृत्ती तयार झाली आहे, आणि मला तीही तितकीच घातक वाटते. 'मनाला बरे वाटते ना, मग चिकित्सा कशाला?' असे म्हटले की चर्चाच संपते. वरवर हे उदार वाटते. प्रत्यक्षात या पुस्तकांकडून फारशी अपेक्षाच करायची नाही, हा जुन्या टीकाकारांचा निकाल त्यातून आपण आपल्याच तोंडाने मान्य करतो. जॉर्ज इलियट या पुरुषी टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रज लेखिकेने १८५६ साली 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'मध्ये स्त्रियांनी लिहिलेल्या बाष्कळ कादंबऱ्यांवर एक झोंबरा लेख लिहिला. त्यातल्या सर्वगुणसंपन्न नायिकांची त्यांनी केलेली टर आजही वाचनीय आहे. त्या लेखाचे फक्त शीर्षक आठवणारे लोक तो स्त्रियांच्या लेखनाविरुद्ध होता असे समजतात. परंतु स्त्रिया श्रेष्ठ दर्जाची कादंबरी लिहू शकतात असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि तसे वाटत होते म्हणूनच सुमार पुस्तकांचा त्यांना एवढा राग होता. मी इथे जी कुरकुर करणार आहे तिचे कुळ हेच आहे.

शेवट ठरलेला असताना वाचकाला काय बांधून ठेवते, याचे उत्तर जेन ऑस्टिन यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये दोनशेहून अधिक वर्षे उघडे पडलेले आहे. १८१३ च्या या कादंबरीत एकसष्ट प्रकरणे आहेत, आणि डार्सीची पहिली मागणी, जिला एलिझाबेथ झिडकारते, ती चौतिसाव्या प्रकरणात येते. म्हणजे अर्धे पुस्तक संपून गेल्यावर नायक पहिल्यांदा तोंड उघडतो आणि तोंडघशी पडतो. उरलेल्या भागात त्याला आपल्या वागण्यातला अहंकार पाहावा लागतो आणि तिला आपल्या निवाड्यातला उतावळेपणा. दोघांनाही स्वतःविषयीचे एक लाडके मत सोडून द्यावे लागते. अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ साली प्रणयकादंबरीची जी आठ अत्यावश्यक अंगे मांडली, त्यांत भेट, आकर्षण आणि कबुली यांच्या बरोबरीने अडसर हेही एक अंग आहे. माझ्या मते बाकीची सात अंगे त्याच्याच आधाराने उभी राहतात. अडसर बाहेरचा असू शकतो, मनातला असू शकतो, पण तो खरा असावा लागतो, म्हणजे तो दूर करताना कोणाला तरी काहीतरी द्यावे लागले पाहिजे.

संस्कृत काव्यशास्त्राने शृंगाराचे संभोग (मीलन) आणि विप्रलंभ (विरह) असे दोन भेद केले आणि विप्रलंभाशिवाय संभोगशृंगार पुष्ट होत नाही असेही सांगून ठेवले, ते याच अनुभवातून. शाकुंतलाकडे या दृष्टीने पाहिले तर एक मौज दिसते. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला शकुंतला चांगली ओळखू येते, तरी लोक काय म्हणतील या भीतीने तो तिला भर सभेत नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी आणून नायकाला या पापातून सोडवले. आजच्या वाचकाच्या भाषेत बोलायचे तर त्याने नायकाची प्रतिमा सांभाळली. प्रणयकथेत नायकाचा दोष सौम्य करण्याची सवय इतकी जुनी आहे. परंतु दोष सौम्य करताना कालिदासाने वेदना सौम्य केली नाही. पाचव्या अंकातला अपमान शकुंतलेला पूर्ण भोगावा लागतो, मध्ये वर्षे जातात, मूल सिंहाच्या छाव्याशी खेळण्याइतके मोठे होते, आणि सातव्या अंकात राजा तिच्या पायाशी वाकतो तेव्हा त्या वाकण्याला वजन असते. सुखान्त असा कमवावा लागतो.

आता रिबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' पाहू. २०२३ च्या या कादंबरीने रोमँटसीला घराघरांत नेले, आणि याच मालिकेचा तिसरा भाग २०२५ च्या जानेवारीत आला तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्याच्या सुमारे २७ लाख प्रती खपल्याचे जाहीर झाले. ड्रॅगनांवर स्वार होणाऱ्या योद्ध्यांचे हे विद्यालय. नायिका व्हायोलेट शरीराने नाजूक, सहज दुखावणाऱ्या सांध्यांची. नायक झेडन हा फसलेल्या बंडाच्या नेत्याचा मुलगा, ज्याच्या वडिलांना मिळालेल्या मृत्युदंडामागे नायिकेची सेनापती आई आहे. यापेक्षा भक्कम अडसर कोणाला सुचणार? वडिलांचा जीव घेणाऱ्या बाईच्या मुलीवर प्रेम करायचे, तर मनाच्या कोणत्या कोपऱ्यात वडिलांना ठेवायचे, हा एका संपूर्ण कादंबरीचा प्रश्न आहे. पण इथे तो फार लवकर बाजूला सरकतो, कारण दोघांमधले आकर्षण इतके सर्वव्यापी आहे की वैर हे त्या आकर्षणाला फोडणी देण्यापुरतेच उरते. शत्रूपासून प्रियकरापर्यंतचा प्रवास वाचायला बसलेल्या वाचकाला असा शत्रू भेटतो जो जवळजवळ पहिल्यापासून तिची पाठराखण करतो आहे. याच कादंबरीतली एक गोष्ट मात्र मला अस्सल वाटली, आणि ती प्रेमाची नाही. व्हायोलेटचे शरीर तिला पानोपानी आडवे येते, तिला इतरांसारखे ड्रॅगनच्या पाठीवर टिकून राहता येत नाही, तिच्यासाठी वेगळे खोगीर करावे लागते, आणि प्रत्येक यशासाठी ती दुखण्याची किंमत मोजते. लेखिकेला किंमत लावता येते याचा हा पुरावाच आहे. तिने ती प्रेमाला लावली नाही, एवढीच तक्रार.

अडसराविषयीची ही अनास्था दोन टोकांनी दिसते. एका टोकाला तो कादंबरीच्या पाऊण वाटेवर येणारा, वाचकांना पाठ झालेला दुरावा. कोणीतरी अर्धे वाक्य ऐकते, कोणीतरी न सांगता निघून जाते, आणि पाच मिनिटांच्या बोलण्याने मिटले असते अशा गैरसमजावर साठ पाने खर्ची पडतात. वाचक याला वैतागले आणि त्यांचा वैताग रास्त होता. पण त्यावर उतारा म्हणून आलेल्या पुस्तकांमध्ये दुरावाच काढून टाकलेला असतो, आणि हे दुसरे टोक मला अधिक चिंताजनक वाटते. तिथला नायक इतका समंजस असतो की त्याच्याशी भांडण होऊच शकत नाही. नायिका रागावली तर तो तिच्या भावनांची दखल घेतो, तिला तिचा अवकाश देतो, आपल्या मर्यादा स्पष्ट करतो आणि आपल्या बालपणातल्या जखमेचे नाव सांगून मोकळा होतो. ही भाषा समुपदेशकाच्या खोलीतली आहे. प्रेमात पडलेली माणसे चुकीच्या वेळी चुकीचे बोलतात, नको तिथे गप्प बसतात, आणि जे म्हणायचे असते त्याच्या बरोबर उलट म्हणून बसतात. कादंबरीला त्या चुकण्यातूनच संवाद मिळतो.

यावर कोणी म्हणेल की, तुम्हाला मग जुने दांडगट नायक परत हवे आहेत. मुळीच नको आहेत. १९७२ साली आलेल्या आणि आधुनिक ऐतिहासिक प्रणयकादंबरीची वाट रुंद करणाऱ्या 'द फ्लेम अँड द फ्लॉवर'मध्ये नायक नायिकेवर बलात्कार करतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर ठरतो. त्या काळच्या कित्येक पुस्तकांत जबरदस्तीला उत्कटतेचे नाव होते. तिथपासून आजच्या, परस्परसंमती गृहीत धरणाऱ्या प्रेमकथेपर्यंतचा पल्ला या प्रकाराने स्वतःच्या बळावर, बहुतांशी आपल्या लेखिका आणि वाचक स्त्रियांच्या आग्रहामुळे गाठला. या कमाईचे मोल मला कमी करायचे नाही. मात्र सज्जन माणसालाही हेवा वाटतो, भीती वाटते, तो कोत्या मनाने वागतो आणि मग त्याला स्वतःची लाज वाटते. सज्जनपणा दाखवण्यासाठी त्याचे आतले सगळे काढून घेतले तर उरतो तो नायिकेच्या गरजांचा आरसा, आणि आरशाच्या प्रेमात पडण्याची गोष्ट फार तर एकदाच वाचता येते.

कोझी फँटसीच्या बाबतीत हाच प्रश्न थोडा वेगळा होऊन समोर येतो, कारण तिथे 'पणाला फार काही लागणार नाही' हे वचनच असते. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या 'लेजंड्स अँड लाटेज'च्या उपशीर्षकातच ते दिलेले आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत लेखकाने स्वतः प्रसिद्ध केलेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने पुन्हा काढलेली ही कादंबरी या सगळ्या लाटेची ओळख बनली. व्हिव्ह नावाची एक ऑर्क या राक्षसी जातीची योद्धी तलवार खुंटीला टांगते आणि ज्या शहराला कॉफी म्हणजे काय हे माहीत नाही तिथे कॉफीचे दुकान काढते. मला ही कादंबरी आवडली, आणि का आवडली ते सांगायला हवे. तबेल्याचे दुकान होताना फळ्या बदलणे, छप्पर दुरुस्त करणे, पहिले काही दिवस कोणीही न फिरकणे, हे सगळे तिच्यात अंगमेहनतीसह येते. मारण्यात आयुष्य गेलेल्या हातांना बांधायला शिकताना पाहणे हे एखाद्या युद्धाइतकेच उत्कंठेचे असू शकते. पण शहरातली खंडणी गोळा करणारी टोळी व्हिव्हच्या दारात येते, आणि जुन्या तलवारीला हात घालायचा की नाही हा तिच्या नव्या आयुष्याचा कस लावणारा प्रश्न उभा राहतो, तेव्हा टोळीची म्होरकी पैशांऐवजी दर आठवड्याला भट्टीतल्या ताज्या गोड पदार्थांवर तडजोड करते. प्रसंग गमतीचा आहे, मीही हसलो. हसून झाल्यावर वाटले, इथे लेखकाने आपल्या नायिकेची परीक्षाच रद्द केली. सुदैवाने पुढे एक जुना सोबती तिचे दुकान जाळतो, सगळे राख होते, आणि तिथे कादंबरी पुन्हा आपल्या पायांवर उभी राहते. कारण राखेतून दुकान उभारायला शेजारी आणि मित्र येतात तेव्हा, तलवार टाकून व्हिव्हने काय मिळवले, ते कोणी बोलून न दाखवता दिसते.

थोडे पणाला लागणे आणि काहीच पणाला न लागणे, यांतला हा फरक आहे. जगाचा विनाश टळला तरी माणसाचे दुकान जळू शकते, मैत्री तुटू शकते, आपण चुकीचे आयुष्य निवडले अशी शंका येऊ शकते. सामान्य माणसाच्या दृष्टीने हीच मोठी संकटे. टी. जे. क्लून यांच्या २०२० मधल्या 'द हाउस इन द सेरुलियन सी'मध्ये जादुई मुलांना नोंदवून, वेगळे काढून अनाथगृहांत ठेवणारी एक सरकारी यंत्रणा आहे, आणि तिचा इमानी नोकर लायनस एका बेटावरच्या अशा घराची तपासणी करायला जातो. मुले लोभस आहेत, लायनसचे हळूहळू बदलणे विश्वसनीय आहे. परंतु ज्या यंत्रणेने पिढ्यानपिढ्या मुलांवर शिक्का मारला ती एका प्रांजळ अहवालापुढे आणि भाषणापुढे नमते, तेव्हा ऊब देण्याच्या घाईत अन्यायाचे आकारमानच लहान करून टाकले असे वाटत राहते. एवढे मोठे दुःख कथेत आणायचे असेल तर त्याचा हिशेबही तेवढाच मोठा करावा लागतो. तो करायचा नसेल तर दुःख लहान निवडावे, त्यात काही कमीपणा नाही.

या कादंबऱ्यांतल्या 'जोडलेल्या कुटुंबा'विषयीही एक शब्द. रक्ताचे नाते नसलेली माणसे एकमेकांचे आप्त होतात ही कल्पना मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच त्या कुटुंबात कोणीच कोणाला खुपत नाही याचे आश्चर्य वाटते. कोणी उष्टी भांडी तशीच ठेवत नाही, कोणी तीच तीच गोष्ट पाचव्यांदा सांगत नाही, कोणाचा कोणावर मनातून थोडासा राग नाही. ज्याने कोणत्याही घरात आठ दिवस काढले आहेत त्याला ठाऊक असते की आपलेपणाची खूण सहन करण्यात असते.

पळवाद हा आरोप इथे हमखास येतो, आणि त्याला उत्तर म्हणून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांचे १९३९ सालचे परीकथांवरचे व्याख्यान पुढे केले जाते. तुरुंगातून निसटू पाहणारा कैदी आणि रणातून पळ काढणारा सैनिक यांत गल्लत करू नका, असे ते म्हणाले होते. ते बरोबरच आहे. पण त्याच विवेचनात त्यांनी परीकथेतल्या अनपेक्षित सुखद कलाटणीविषयी जे म्हटले ते सहसा कोणी सांगत नाही: ती कलाटणी दुःखाचे आणि अपयशाचे अस्तित्व नाकारत नाही, सुटकेच्या आनंदासाठी त्यांची शक्यता आवश्यकच असते. ज्या तुरुंगाच्या दाराला कुलूपच नाही तिथून सुटल्याचा आनंद कसला?

हे सगळे लेखकांवरच ढकलणे मात्र अन्यायाचे होईल. पुस्तके ज्या रीतीने विकली जातात तिचाही यात हात आहे. 'शत्रू ते प्रियकर', 'तिरसट आणि हसरी', 'खोलीत एकच पलंग', 'खोटी सोयरीक' अशी लेबले जाहिरातींतून, कधी थेट मलपृष्ठावरून मिरवली जातात, आणि वाचक त्या यादीवर बोट ठेवून पुस्तक मागवतो. साचे वापरण्यात गैर काही नाही. लोककथाही साच्यांवरच चालते. बिघाड होतो तो लेबल हेच वचन बनते तेव्हा. मग लेखकाला तो प्रसंग अमुक पानाच्या आत आणावाच लागतो, तिथपर्यंत पोचायला पात्रांना कारण असो वा नसो. एका कादंबरीत वादळात अडकलेल्या जोडीसाठी एकच पलंग असलेली खोली इतक्या लगबगीने हजर झाली की मला त्या सरायवाल्याची दया आली. बिचाऱ्याच्या बाकीच्या सगळ्या खोल्या कथानकाने भरून टाकल्या होत्या. वाचकाला काय हवे ते आधी विचारून घेणाऱ्या पुस्तकाला एक गोष्ट कधीच देता येत नाही, ती म्हणजे जे हवे आहे हे वाचकालाच ठाऊक नव्हते ते.

असे देणारे पुस्तक या प्रकारात निघतच नाही असे नाही. बेकी चेंबर्स यांची 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' ही २०२१ ची छोटी कादंबरी, जिला पुढच्या वर्षी लघुकादंबरीचा ह्यूगो हा विज्ञान-अद्भुत साहित्याचा पुरस्कार मिळाला, तिच्यात खलनायक नाही, युद्ध नाही, प्रणयही नाही. गावोगाव गाडी घेऊन फिरणारे, लोकांना चहा पाजून त्यांचे गाऱ्हाणे ऐकणारे डेक्स नावाचे एक भिक्षू आहेत. डेक्स स्त्री नाहीत आणि पुरुषही नाहीत, आणि मराठीतले आदरार्थी 'ते' एखाद्या भिक्षूला शोभूनच दिसते. सुरुवातीला त्यांना हे काम जमत नाही, मग इतके जमते की सगळीकडून वाहवा होते, आणि तरीही सकाळी उठल्यावर आत काहीतरी रिकामे वाटते. जग सुखी आहे, समाज न्यायी आहे, काम आवडीचे आहे. मग हे काय आहे? रानात भेटलेला यंत्रमानव मॉसकॅप माणसांना काय हवे असते हे विचारत निघालेला आहे, आणि डेक्सना स्वतःपुरतेही त्याचे उत्तर देता येत नाही. एका माणसाचे समाधान, एवढेच पणाला लागले आहे, आणि ते मिळेल की नाही याची मला शेवटच्या पानापर्यंत खात्री वाटत नव्हती, जरी हे पुस्तक दिलासा देणारे आहे हे मला पहिल्या पानापासून माहीत होते. अखेरीस एका पडक्या मठीत थकून बसलेल्या डेक्ससाठी मॉसकॅप चहा करतो. एरवी दुसऱ्यांच्या हाती पेला देणाऱ्या डेक्सना तो हातात घ्यावा लागतो, आणि समोरचा वाट पाहत असतो.